इलेक्टिव्हचा फॉर्म भरण्याआधी

अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर शाखेला शिकवणाऱ्या कोणालाही सत्र संपता संपता हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, ‘मॅडम, यातला स्कोअरिंग इलेक्टिव्ह कुठला?’ इलेक्टिव्ह म्हणजे यादीतून निवडायचा ऐच्छिक विषय. विचारणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपणार असते, समोर चार-पाच विषयांची नावे असतात आणि त्या नावांमागे नेमके काय आहे हे त्याला तोवर कोणीही सांगितलेले नसते. मग तो सीनियरला गाठतो, सीनियर कुठल्या विषयाचा पेपर सोपा निघतो ते सांगतो, आणि निम्मा वर्ग एकाच विषयावर तुटून पडतो. उरलेल्या विषयांना किमान संख्या न मिळाल्याने ते त्या वर्षी सुरूच होत नाहीत, आणि ज्या दोघाचौघांना ते मनापासून हवे होते त्यांनाही बहुमताच्या मागे जावे लागते. क्रेडिट पद्धतीने विद्यार्थ्याला निवड दिली, पण ती करताना शेजारी बसून हिशेब समजावून सांगणारा माणूस द्यायचा राहून गेला, असे माझे बरीच वर्षे शिकवल्यानंतरचे मत आहे.

मुळात क्रेडिट म्हणजे काय, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलालाही पुष्कळदा धड सांगता येत नाही. जास्त क्रेडिटचा विषय म्हणजे जास्त महत्त्वाचा विषय, एवढेच त्याला ठाऊक असते. हिशेब तसा सरळ आहे. आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा ट्युटोरियल सत्रभर झाले की एक क्रेडिट मिळते, आणि प्रॅक्टिकलला तेवढ्याच क्रेडिटसाठी आठवड्याला दोन तास द्यावे लागतात. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०१८ मध्ये आदर्श अभ्यासक्रम आणला तेव्हा चार वर्षांच्या पदवीसाठी १६० क्रेडिटचे प्रमाण ठरवले. त्याआधी अनेक ठिकाणी हा आकडा दोनशेच्या पुढे होता. मुलांना स्वतःचा अभ्यास, प्रकल्प आणि इंटर्नशिप यांसाठी श्वास घ्यायला जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने वर्गाबाहेरचा अभ्यासही जमेस धरून वर्षाला १२०० तास आणि ४० क्रेडिट, म्हणजे एका क्रेडिटमागे ३० तास, असे मोजमाप ठरवले. या मापाने तीन क्रेडिटच्या विषयाला सत्रात ९० तास लागतात. पंधरा आठवड्यांत वर्गात त्यातले ४५ होतात आणि उरलेले ४५ तास विद्यार्थ्याने स्वतः काढायचे असतात. रोज जाता-येता मिळून तीन तास लोकलमध्ये उभा राहणारा मुलगा असे पाच विषय घेतो, वर ऑनर्सचाही, म्हणजे जादा क्रेडिटच्या विषयांचाही, फॉर्म भरतो, तेव्हा हे तास कुठून येणार हा प्रश्न त्याला कोणीतरी विचारायला हवा. बहुधा कोणी विचारत नाही.

निकालात क्रेडिटचे वजन कसे लागते, हेही एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. एखाद्या सत्रात २० क्रेडिट आहेत असे धरू: तीन-तीन क्रेडिटचे पाच लेखी विषय, एकेका क्रेडिटच्या तीन प्रयोगशाळा आणि दोन क्रेडिटचा मिनी प्रोजेक्ट. एका मुलीला प्रयोगशाळा आणि प्रोजेक्ट मिळून पाचही क्रेडिटमध्ये ‘ओ’, म्हणजे दहा गुण, मिळाले आणि पाचही लेखी विषयांत ‘बी’, म्हणजे सहा. बेरीज ५० अधिक ९०, म्हणजे १४०. या बेरजेला २० ने भागले की एसजीपीए (त्या सत्राची सरासरी) येतो ७. तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीला प्रयोगशाळा आणि प्रोजेक्टमध्ये ‘ए’, म्हणजे आठच, मिळाले, पण लेखी विषयांत एकेक पायरी वर जाऊन ‘बी प्लस’, म्हणजे सात. बेरीज ४० अधिक १०५, म्हणजे १४५, आणि एसजीपीए ७.२५. प्रयोगशाळेत दोन-दोन पायऱ्या खाली असूनही दुसरी मुलगी पुढे गेली. आमच्याकडची बहुतेक मुले याच्या नेमके उलट वागतात. प्रॅक्टिकलच्या फाइलवर, त्यातल्या आकृत्या पेन्सिलने काढण्यावर आणि पुन्हा सही मिळेपर्यंत लिहून काढण्यावर ती सत्रातले कितीतरी तास घालवतात आणि लेखी विषयाला परीक्षेआधीची ‘पीएल’, म्हणजे अभ्यासाची सुट्टी, पुरेशी आहे असे समजतात. प्रयोगशाळेकडे दुर्लक्ष करा असे मी म्हणत नाही. कॉम्प्युटरच्या मुलाने हाताने प्रोग्राम लिहिले नाहीत तर त्याला शिकवण्यात काही अर्थ उरत नाही. पण फाइल सजवणे आणि प्रोग्राम लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला क्रेडिट मिळत नाही.

आणखी एक बारीक बाब. कंपन्या पात्रतेची अट पुष्कळदा टक्क्यांत मागतात आणि गुणपत्रिकेवर असतो सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची मिळून सरासरी. एआयसीटीईच्या जुन्या सूत्राप्रमाणे सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचे असते, म्हणजे साठ टक्क्यांसाठी ६.७५ लागतो. काही विद्यापीठांचे सूत्र याहून वेगळे आहे. आपल्या विद्यापीठाने जे सूत्र अधिकृतपणे दिले आहे तेच अर्जात वापरावे; मित्राने मोबाइलवर पाठवलेले वापरून वाढीव टक्के लिहिले की कागदपत्रांच्या पडताळणीत अडचण होते.

सल्ल्याची खरी गरज लागते ती विषय राहतो तेव्हा. एटीकेटीची, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्षात बसण्याची, सोय मुलांना चांगली ठाऊक असते, पण तिच्यातली अट अनेकांना उशिरा कळते. आमच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचे विषय शिल्लक असले तरी ठरावीक क्रेडिट मिळवली असतील तर दुसऱ्या वर्षाला बसता येते. मात्र पहिले वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्यात प्रवेश नाही आणि दुसरे सुटल्याशिवाय चौथ्यात नाही. याचा अर्थ असा, की राहिलेले प्रत्येक तीन क्रेडिट कागदावर सारखेच दिसले तरी विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते सारखे नसतात. काही क्रेडिट नुसती बाकी असतात, तर काही पुढचा दरवाजा अडवून उभी असतात.

एका विद्यार्थिनीचे उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तिचा पहिल्या वर्षाचा एम-२, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, राहिला होता आणि ती दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात होती. हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरताना ती म्हणाली, ‘मॅडम, एम-२ उन्हाळ्यात बघते. आत्ता डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीटवर जोर देते, प्लेसमेंटला तेच विचारतात.’ ऐकायला हे समंजस वाटते, आणि डेटा स्ट्रक्चर्सबद्दल ती बोलली ते खरेच होते. पण एम-२ उन्हाळ्यावर ढकलला की तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाआधी तिच्या हाती एकच परीक्षा उरणार होती, त्याच परीक्षेत चौथ्या सत्राचे सगळे नवे विषयही येणार होते, आणि त्या पंधरवड्यात ताप आला असता तरी वायडी (वर्ष वाया जाणे) नक्की होती. डेटा स्ट्रक्चर्स राहिला असता तर तो सोडवायला तिला चौथ्या वर्षाच्या प्रवेशापर्यंत अवकाश होता; एम-२ ला तो नव्हता. आम्ही दोघींनी एका कागदावर दोन रकाने आखले: एका बाजूला ‘हा विषय कधीपर्यंत सुटलाच पाहिजे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘त्याआधी किती परीक्षा मिळतात’. एम-२ समोर दोन आणि बाकीच्यांसमोर त्याहून जास्त आकडे आल्यावर तिला आणखी काही समजावण्याची गरज राहिली नाही. तिने हिवाळ्यात एम-२ सोडवला. डिस्क्रीटला तिला कमी गुण मिळाले, ते मिळणारच होते.

असा कागद दहा मिनिटांत होतो. तो निकालानंतर केला तर वरातीमागून घोडे, कारण तोवर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज, छायाप्रत आणि ‘काही होईल का मॅडम’ एवढेच शिल्लक राहते. वर्ष वाया गेल्याचे परिणाम पुढेही चालू राहतात. सोबतचा वर्ग पुढे जातो, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाची अडचण होते, मधल्या काळात अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदललेला असेल तर जुन्या विषयाला नव्यातला समतुल्य विषय कुठला हे शोधावे लागते, आणि कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्यांच्या अर्जात लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) आहे का आणि शिक्षणात खंड आहे का, हे दोन्ही रकाने असतात.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांचा हिशेब निराळाच असतो, आणि त्यांच्याशी त्याबद्दल बोलायला कोणाला फारसा वेळ नसतो. त्यांची प्रवेशप्रक्रिया लांबते. पुष्कळदा ती वर्गात पाऊल ठेवतात तेव्हा सत्राचे काही आठवडे संपलेले असतात आणि पहिली युनिट टेस्ट तोंडावर असते. पहिल्या वर्षातून त्यांना सूट असल्याने त्यांचा सीजीपीए तीनच वर्षांच्या क्रेडिटवर ठरतो, म्हणजे प्रत्येक सत्राचे वजन त्यांच्यासाठी इतरांपेक्षा जास्त. पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी हाताने पुष्कळ काम केलेले असते, सी आणि जावाची प्रॅक्टिकल त्यांना चांगली जमतात, वायरिंगपासून नेटवर्किंगपर्यंत कशालाही ती घाबरत नाहीत. पण अकरावी-बारावीचे कॅल्क्युलस आणि पहिल्या वर्षाची एम-१, एम-२ त्यांच्या वाट्याला पूर्ण आलेली नसतात, आणि एम-३ मध्ये लाप्लास आणि फूरियर समोर आले की तीच मुले मागच्या बाकावर सरकतात. अशा मुलाला पहिल्याच आठवड्यात गणिताच्या शिक्षकांकडे पाठवणे आणि त्या सत्रात हौशीने कुठलाही जादा कोर्स घेऊ न देणे, एवढे जरी कोणी केले तरी त्याचे वर्ष वाचते.

आता स्वयम हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आणि त्यावरच्या एनपीटीईएलच्या कोर्सांकडे वळते, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. एनपीटीईएलचे काम आयआयटी आणि आयआयएस्सीने मिळून २००३ मध्ये सुरू केले, प्रमाणपत्राचे कोर्स २०१४ पासून आले, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करण्याची मुभा दिली. त्याआधी २०१६ च्या विनियमांत ही मर्यादा २० टक्के होती. मुले ही बातमी वाचून येतात आणि म्हणतात, ‘मॅडम, चाळीस टक्के तर आमचा हक्क आहे.’ तो हक्क नसून मर्यादा आहे. त्या मर्यादेत राहून कुठले कोर्स स्वीकारायचे, आपल्या कुठल्या विषयाच्या बदल्यात स्वीकारायचे आणि तिथले गुण इथल्या ग्रेडमध्ये कसे बसवायचे, हे विद्यापीठ किंवा स्वायत्त महाविद्यालयाची विद्वत परिषद ठरवते. त्यामुळे ‘आधी कोर्स करू, मग क्रेडिट मागू’ हा क्रम चुकीचा आहे. कोर्सला नाव नोंदवण्याआधी विभागाने जाहीर केलेल्या यादीत त्याचे नाव आणि आठवडे जुळतात का ते पाहावे आणि लेखी परवानगी घ्यावी. बारा आठवड्यांचा कोर्स तीन क्रेडिटचा, आठ आठवड्यांचा दोनचा आणि चार आठवड्यांचा एकाचा धरतात. तीन क्रेडिटच्या इलेक्टिव्हऐवजी आठ आठवड्यांचा कोर्स उत्तम गुणांनी केलेला मुलगा प्रमाणपत्र घेऊन आला, तर त्याला उरलेले एक क्रेडिट कुठून देणार?

कोर्सची रचनाही समजून घ्यायला हवी. व्हिडिओ पाहणे आणि नाव नोंदवणे फुकट आहे, पण परीक्षेला वेगळी नोंदणी आणि शुल्क आहे, आणि तिची मुदत कोर्स सुरू असतानाच येऊन जाते. अंतिम गुणांत दर आठवड्याच्या असाइनमेंटना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असते. बारा आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात, आणि दोन्ही अटी वेगवेगळ्या पूर्ण व्हाव्या लागतात. असाइनमेंटची उत्तरे टेलिग्रामच्या ग्रुपवर फिरतात, हे सर्वांना माहीत आहे. ती उतरवून २५ पैकी २४ मिळवलेली मुले परीक्षेत ३० च्या खाली येतात, तेव्हा विद्यापीठाच्या निकालाच्या तारखा तोंडावर असतात आणि त्या सत्राचा इलेक्टिव्ह हातचा जातो. या कोर्सांवर माझा स्वतःचा राग मुळीच नाही. आमच्या महाविद्यालयात शिकवायला माणूस नाही असे कितीतरी विषय, उदाहरणार्थ क्रिप्टोग्राफीची गणिती बाजू किंवा रँडमाइज्ड अल्गोरिदम, मुलांना तिथे नामवंत प्राध्यापकांकडून ऐकायला मिळतात. त्यासाठीच ती सोय वापरावी. वर्गात बसायचा कंटाळा म्हणून डीबीएमएस (डेटाबेसचा विषय) तिथून करणाऱ्याने ती वापरू नये.

अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजेच एबीसी, याविषयी थोडक्यात. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनी ती आली, डिजिलॉकरवरून खाते उघडते, जमा क्रेडिट साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात आणि जी संस्था पदवी देणार तिथून किमान निम्मी क्रेडिट मिळवलेली असावी लागतात. प्रत्यक्षात बहुतेक मुलांचा तिच्याशी संबंध परीक्षेच्या फॉर्मवर बारा अंकी क्रमांक भरण्यापुरता येतो, आणि तिथेही आपल्याकडे एक खास अडचण आहे. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते आणि आईचे नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर मात्र नाव आधी, आडनाव शेवटी, आणि काहींच्या आधारवर वडिलांचे नावच नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ कमी-जास्त असतो. मग नावे जुळत नाहीत, क्रेडिट खात्यावर दिसत नाहीत, आणि शेवटच्या वर्षी परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर रांग लागते. पहिल्या वर्षीच दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

ऑनर्स आणि मायनरबद्दल मी जरा कडू बोलते, असे माझे सहकारी म्हणतात. नेहमीच्या १६० क्रेडिटच्या वर १८ ते २० क्रेडिट मिळवली की पदवीवर ऑनर्स किंवा मायनरचा, म्हणजे जोडविषयाचा, उल्लेख येतो, अशी ही योजना. कॉम्प्युटरच्या मुलांची झुंबड उडते ती एआय-एमएल आणि डेटा सायन्सवर. या विषयांत रस असलेल्या आणि ज्यांचे प्रॉबॅबिलिटी आणि लिनियर अल्जिब्रा पक्के आहे अशा मुलांनी ऑनर्स जरूर घ्यावे. पण १८ क्रेडिट म्हणजे राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याच्या मापाने ५४० तास आहेत, आणि ते तिसऱ्या-चौथ्या वर्षात, म्हणजे प्रोजेक्ट, इंटर्नशिप, अॅप्टिट्यूडची तयारी आणि कॅम्पस मुलाखती यांच्याच काळात द्यायचे असतात. सीजीपीए सातच्या आसपास घोटाळणाऱ्या मुलाला हे तास मुख्य विषयांतूनच काढावे लागतात. शिवाय एआयचे नाव असलेला कोर्स केला म्हणून कोणी एआयचे काम देत नाही. मुलाखतीत विचारतात ते डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम आणि डीबीएमएस. असे मुलांना सांगितले की त्यांचे चेहरे पडतात आणि पालकांना वाटते मॅडम मुलाला मागे खेचतात.

याच्या उलट, मुले ज्याच्यापासून लांब पळतात तो टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) आणि गणिताशी जोडलेले इलेक्टिव्ह काहींना फार उपयोगी पडतात. जर्मनीत एमएस करायला जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडे डोळ्यांत भरण्याइतकी आहे. तिथली अनेक सार्वजनिक विद्यापीठे केवळ सीजीपीए पाहून थांबत नाहीत. पदवीत गणिताची किती क्रेडिट होती, थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्सची किती, हे अभ्यासक्रमाची पाने उलटून तपासतात. युरोपातले क्रेडिट वेगळ्या मापाचे आहे. तिथे पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी, शैक्षणिक कागदपत्रे तपासून मिळणारे, एपीएसचे प्रमाणपत्रही लागते. चौथ्या वर्षात ‘सिलॅबसची सही-शिक्क्याची प्रत हवी’ म्हणून येणाऱ्या मुलाला मी प्रत देऊ शकते, पण तिसऱ्या वर्षी सोडलेला विषय त्या प्रतीत घालू शकत नाही.

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांपुढे आणखी वेगळा प्रश्न उभा राहतो आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला आली, स्वायत्तांत त्याच्या आधीच्या वर्षी. तीन वर्षांत १२० क्रेडिट मिळवून पदवी घेऊन बाहेर पडायचे, की चौथे वर्ष करून १६० क्रेडिटची ऑनर्स पदवी घ्यायची? चार वर्षे केली तर एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. एमसीए करायचे असेल तर ती दोन वर्षांची आहे आणि तिला तीन वर्षांची पदवी पुरते, म्हणजे चौथे वर्ष त्या वाटेवर जादा ठरू शकते. ज्याला नोकरी लगेच हवी आहे त्याचे उत्तर वेगळे आणि ज्याला पुढे संशोधन करायचे आहे त्याचे वेगळे. यात सरसकट सल्ला देणारा कोणीही भेटला तर सावध राहावे.

आता सल्ला देणाऱ्यांकडे, म्हणजे आमच्याकडे. पुण्याकडे आम्हाला जीएफएम म्हणतात, इतरत्र टीचर गार्डियन किंवा मेंटॉर. साधारण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे कागदावर ठरलेले असते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात मेंटॉर आणि विद्यार्थ्यांचे गुणोत्तर विचारतात, अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएलाही मार्गदर्शनाची व्यवस्था दाखवावी लागते, त्यामुळे प्रत्येक महाविद्यालयात मेंटॉर डायरी असतेच. त्या डायरीत बैठकीची तारीख, चर्चेचा विषय, केलेली कार्यवाही आणि विद्यार्थ्याची सही असे रकाने असतात. समिती येण्याच्या आधीच्या आठवड्यात ते रकाने कसे भरले जातात, हे शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना दोघांनाही ठाऊक आहे: एकाच पेनाने, एकाच बैठकीत, गेल्या वर्षीच्या तारखा घालून, ‘अभ्यासात लक्ष देण्याबाबत समुपदेशन केले’ या एकाच वाक्यासह. सत्रभर जीएफएमचे काम उरते ते हजेरीचे. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली कोण आहे त्याच्या घरी फोन लावायचा, पालक म्हणतात ‘आम्ही सांगतो त्याला’, आणि फोनची नोंद होते. पालक-सभेतही प्रश्न हजेरीचाच असतो. आमच्या मुलाची किती क्रेडिट झाली आणि किती राहिली, असे विचारणारे पालक मला क्वचितच भेटले.

शिक्षकांची बाजूही सांगायला हवी. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढल्या, त्या प्रमाणात अनुभवी शिक्षक वाढले नाहीत, आणि जे आहेत त्यांच्यावर परीक्षेचे काम, प्रवेशाचे काम, फाइलींचे काम आहेच. काल एम.टेक. होऊन आलेल्या तरुण शिक्षकाला आठवडाभरात वीस-पंचवीस मुलांचा मेंटॉर करतात, आणि त्याने स्वतः ज्या पॅटर्नमध्ये पदवी घेतली तो आता अस्तित्वातही नसतो. परीक्षेचे नियम त्याला कोणी शिकवत नाही. माझ्या मते निदान प्रत्येक विभागात एका व्यक्तीला हे काम अधिकृतपणे द्यावे, तिच्या कामाच्या तासांत ते मोजावे, आणि विद्यापीठाची नवी परिपत्रके आली की तिने बाकीच्या मेंटॉरना तासभर बसवून समजावून सांगावीत. त्यासाठी वेगळे पद, वेगळी इमारत, मोठा निधी यातले काहीही लागत नाही.

मी माझ्या गटातल्या मुलांना एक साधा तक्ता करायला लावते. आठ सत्रे आडवी, प्रत्येकात एकूण क्रेडिट, मिळालेली क्रेडिट, राहिलेले विषय आणि ते कधीपर्यंत सुटले पाहिजेत. खाली इलेक्टिव्ह आणि प्रत्येकाच्या पुढे त्याला आधी काय यायला हवे: कंपायलरच्या आधी टीओसी, मशीन लर्निंगच्या आधी प्रॉबॅबिलिटी, डिस्ट्रिब्युटेड सिस्टीमच्या आधी ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत प्रत्येक विषयाखाली ‘प्रीरिक्विझिट’ छापलेले असते, पण तिथे नापास असलेल्या मुलालाही पुढचा विषय घेण्यापासून आपल्याकडे कोणी अडवत नाही. म्हणून तो अडसर मुलाने स्वतःच तक्त्यात घालून घ्यायचा. तक्ता मी भरून देत नाही. तो विद्यार्थ्यानेच गुणपत्रिका पाहून भरायचा आणि फॉर्म सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात घेऊन यायचे. बरीच मुले तो भरतानाच आपला निर्णय बदलतात आणि माझ्याकडे येईपर्यंत विचारायला एखादाच प्रश्न उरतो.

नव्या रचनेत मात्र हा तक्ता पुरा पडेनासा झाला आहे. पूर्वी कॉम्प्युटरच्या मुलाचे जवळजवळ सगळे विषय आमच्याच विभागात होते. आता मल्टिडिसिप्लिनरी मायनर (एमडीएम), ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, कम्युनिटी प्रोजेक्ट असे गट आले आहेत आणि त्यांतली पुष्कळ क्रेडिट दुसऱ्या विभागांकडे आहेत. एमडीएम एकदा निवडली की ती अनेक सत्रे चालते, मध्येच बदलली तर आधीची क्रेडिट कुठे धरायची हा वाद होतो, आणि रोबोटिक्सच्या मायनरला तिसऱ्या टप्प्यावर कुठले गणित लागेल हे मला मेकॅनिकलच्या सहकाऱ्याला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. या वर्षी आम्ही मेकॅनिकल आणि ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनच्या) दोघांना आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, निवडीच्या आधी, आपापल्या मायनरचा पूर्ण अभ्यासक्रम सत्रागणिक मांडायला बोलावले आहे. त्यांनी लगेच होकार दिला, आणि बदल्यात आमच्याकडून कोणीतरी त्यांच्या वर्गात जाऊन डेटा सायन्सच्या मायनरला पायथॉन किती आणि संख्याशास्त्र किती लागते ते खरे-खरे सांगावे, अशी अट घातली आहे.